साडेसात, पण कुठले?

गेल्या सप्टेंबरमध्ये ताई मास्टर्ससाठी लंडनला गेली. तिकिटावर छापलं होतं, मुंबईहून रात्री २.००, लंडनला सकाळी ७.३०. आईने बोटांवर मोजलं. 'साडेपाचच तास? कोल्हापूरच्या एसटीला याहून जास्त लागतात!'

सकाळी साडेसातला तिने पहिला फोन लावला. स्विच्ड ऑफ. आठला परत, नऊला परत. दहाला देवासमोर दिवा लागला, अकराला मामाला फोन गेला. रात्रभर एअरपोर्टवर जागून आल्यामुळे मी गाढ झोपले होते. साडेबाराला ताईचा मेसेज आला, 'उतरले गं, लाइनीत उभी आहे.' आई आधी रडली, मग माझ्यावर चिडली. 'तुला तरी कळायला नको होतं?'

खरं तर मीही नीट बघितलं नव्हतं. तिकिटावर प्रत्येक वेळ ही त्या-त्या शहराची असते. सप्टेंबरमध्ये लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. म्हणजे त्यांचे साडेसात, आपले दुपारचे बारा. प्रवास पूर्ण दहा तासांचा!

मुंबई-लंडन सरळ अंतर आहे सुमारे ७,२०० किलोमीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे हा सर्वांत जवळचा रस्ता सपाट नकाशावर उत्तरेकडे वाकलेला दिसतो. तो पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जातो. पण आकाशालाही हद्दी असतात. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली. मग विमान वळसा घालतं आणि वेळ वाढतो.

तरी आपण सुखी म्हणायचं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं.

डिसेंबरमध्ये ताई सुट्टीवर आली, तेव्हा दुसरीच गंमत. लंडनहून रात्री ९.३०, मुंबईला दुपारी १२.००. आई म्हणाली, 'येताना साडेचौदा तास?' नाही! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं एक तास मागे जातात, त्यामुळे हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा होतो. प्रवास फक्त नऊ तासांचा. जातानापेक्षा एक तास कमी, कारण साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना मागून ढकलतात. थंडीत त्यांचा जोर आणखी वाढतो.

यंदा तुमच्यापैकी कुणी निघणार असेल, तर बॅग भरण्याआधी एवढं करा. तिकिटावर 'ड्युरेशन' लिहिलेलं असतं, ते बघा. मध्ये विमान बदलायचं असेल, तर त्या थांब्याचे तासही त्यात धरलेत का, तपासा. आणि पोचायची वेळ भारतीय वेळेत लिहून घरच्यांना द्या. त्यात सामान आणि इमिग्रेशनचा तासभर जास्तीचा धरा.

ताईच्या परतीच्या दिवशी आमच्या फ्रीजवर मी कागद चिकटवला होता, 'दुपारी एकच्या आधी फोन करू नये.' आईने पावणेएकला केला. पण दिवा नाही लावला.