वाळूखालचं गोडं पाणी

तारकर्लीहून देवबागकडे जाताना उजव्या हाताला अरबी समुद्र असतो आणि डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी. मधली वाळूची पट्टी चिंचोळी होत होत संगमाशी संपते. पलीकडे दिसतं ते वेंगुर्ले तालुक्यातलं भोगवे. म्हणजे दोन्ही अंगांना खारं पाणी आणि टोकालाही खारंच. तरी या पट्टीवर माडांच्या सावलीत जांभ्या चिऱ्यांनी बांधलेल्या विहिरी आहेत. दोर फार सोडावा लागत नाही, आणि कळशी भरून येते ती गोड्या पाण्याने. लाटांचा आवाज कानावर येत असतो आणि ओंजळीतलं पाणी मात्र डोंगरातल्या झऱ्यासारखं लागतं. इथल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर भात शिजवला, माड शिपले.

हे पाणी आलं कुठून? सह्याद्रीतून जमिनीखालून वाहत आलं म्हणावं, तर मध्ये कर्ली आडवी आहे. ते आलं सगळं वरून. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाळू तो पडेल तसा पिऊन टाकते. खाली गेल्यावर त्याची गाठ समुद्राच्या पाण्याशी पडते, आणि खरं आश्चर्य तिथेच आहे. दोन्ही पाणी एकमेकांत फारसं मिसळत नाही. मीठ विरघळल्यामुळे समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, म्हणून पावसाचं पाणी ताकावरच्या लोण्यासारखं त्याच्यावर तरंगत राहतं. पट्टीच्या मध्यावर त्याचा थर जाड, दोन्ही किनाऱ्यांकडे पातळ. भूजलाचे अभ्यासक या आकाराला भिंग म्हणतात.

या तरंगण्याचा हिशेब ठरलेला आहे. समुद्रसपाटीच्या वर गोडं पाणी एक फूट असेल, तर सपाटीखाली ते चाळीस फुटांपर्यंत असू शकतं. बादोन खायबेन या डच लष्करी अभियंत्याने १८८९ साली अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या एका नियोजित विहिरीसंबंधीच्या टिपणात ही गोष्ट मांडली. त्याची काही माहिती नसताना हेर्ट्सबर्ग नावाच्या जर्मन अभियंत्याने १९०१ साली उत्तर समुद्रातल्या बेटांवर तोच हिशेब शोधून काढला. खाली खडक किंवा चिकणमाती लागली तर भिंग तिथेच थांबतं, हे खरं. पण विहिरीतलं पाणी समुद्रसपाटीच्या वर वीतभरच असलं, तरी त्याच्या पोटात केवढा साठा असू शकतो, याचा अंदाज या चाळीस पटीवरून येतो.

हाच हिशेब उलटाही चालतो. पंपाने विहिरीतली पातळी एक फूट खाली नेली आणि तशीच खाली ठेवली, तर तळाचं खारं पाणी चाळीस फुटांपर्यंत वर चढू पाहतं. त्याला वेळ लागतो, पण ते चढतं. पूर्वी आडव्या दांड्याच्या लाटेने किंवा रहाटाने पाणी काढायचे तेव्हा थोडं काढलं की विहिरीला उसंत मिळायची. माणसाच्या दंडातल्या बळापलीकडे उपसा होतच नव्हता. मोटर मात्र गच्चीवरची टाकी भरेपर्यंत थांबत नाही.

किती खारं पाणी शिरलं की बिघडतं? समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे १९ हजार मिलीग्रॅम क्लोराइड असतं. पिण्याच्या पाण्यात ते २५० पर्यंत असावं, असं भारतीय मानक सांगतं. शंभर कळशांत समुद्राच्या दोनच कळशा मिसळल्या, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. पाणी मचूळ लागू लागतं, आणि भिंग परत भरून यायला एक पावसाळा पुरेलच असं नाही.

सार्वजनिक पाणीपुरवठा म्हटला की डोळ्यांसमोर धरण येतं, जलवाहिनी येते, नळ येतो. धरण भरलं किती आणि उरलं किती, हे आपण रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो. तारकर्लीच्या पट्टीवर निसर्गाने बांधलेलं धरण पायाखाली आहे, त्यामुळे त्याची पातळी छापून येत नाही. आणि गाव तर वाढतंय. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. एमटीडीसीचं निवासस्थान, स्कूबा डायव्हिंगचं प्रशिक्षण केंद्र, हाऊसबोटी आणि घरोघरची न्याहारी-निवास व्यवस्था यांनी तारकर्लीला देशाच्या नकाशावर नेलं. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा इथे झाला, तेव्हा एका संध्याकाळपुरतं या किनाऱ्यावर शहर उभं राहिलं होतं. तसं छोटं शहर आता दिवाळीला, नाताळला आणि मे महिन्यात दरवर्षी उभं राहतं.

कागदावर मात्र हे शहर दिसत नाही. जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८ लाख ६८ हजार होती, २०११ साली ती ८ लाख ४९ हजारांवर आली. माणसं मुंबईला गेली आणि आकडा घटला. ग्रामीण नळयोजनेचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर आहे, आणि माणूस म्हणजे कायमचा रहिवासी. पंधराव्या वित्त आयोगानेही स्थानिक संस्थांचा पैसा राज्यांना वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला दिलं. शनिवारी रात्री मुक्कामाला आलेला पुणेकर किंवा कोल्हापूरकर यातल्या कुठल्याच आकड्यात बसत नाही. पाणी त्यालाही लागतं, समुद्रात डुंबून आल्यावर तर दोनदा. त्याचा कचरा उचलावा लागतो, त्याच्या खोलीचा मैला कुठेतरी जातो. हा मोजणीतला दोष मला सगळ्यात गंभीर वाटतो. जो मोजलाच जात नाही, त्याच्यासाठी पाइप किती जाडीचा टाकायचा हे ठरणार कसं?

त्यात मे महिना म्हणजे दोन्हीकडून ओढ. पाऊस थांबून सात महिने झालेले, भिंग वर्षातलं सगळ्यात पातळ, आणि गर्दी सगळ्यात मोठी.

मैल्याचा प्रश्नही याच वाळूत आहे. जी वाळू पावसाला वाट देते, ती शोषखड्ड्यातल्या पाण्यालाही देते. जंतू वाळूत बऱ्यापैकी अडकतात, नायट्रेट अडकत नाही. विहीर आणि शोषखड्डा एकाच अरुंद वाडीत असतील तर त्यांच्यातलं अंतर ही गावाच्या आरोग्याची बाब ठरते.

आणखी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. पाऊस आणि वाळू तीच असेल तर भिंगाची जाडी पट्टीच्या रुंदीवर ठरते. रुंदी निम्मी झाली की जाडीही निम्मी होते. देवबागला समुद्र जमीन खातो तेव्हा आपल्याला कोसळलेले माड दिसतात. त्याच वेळी खालचं पाणीही आटत असतं.

खायबेनने ज्या शहराजवळच्या विहिरीबद्दल लिहिलं, त्या अ‍ॅमस्टरडॅमची कथा तारकर्लीने जरूर ऐकावी. तिथले कालवे घाण होते, पिण्याचं पाणी होड्यांतून आणावं लागे. १८५३ साली समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांखालचं गोडं पाणी नळाने शहराच्या वेशीपर्यंत आणलं. शहर वाढलं, उपसा वाढला, आणि खालून खारं पाणी वर येऊ लागलं. तेव्हा त्यांनी टेकड्या सोडल्या नाहीत. १९५७ पासून र्‍हाइन नदीचं पाणी शुद्ध करून ते त्याच वाळूत मुरवायला सुरुवात झाली. जितकं काढायचं तितकं आधी घालायचं. अ‍ॅमस्टरडॅमला आजही त्या वाळूतून पाणी मिळतं.

तारकर्लीला र्‍हाइनची गरज नाही, कारण इथे आभाळच भरभरून देतं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला सुमारे तीन लाख लिटर पाणी पडतं. दिवसाला ५५ लिटरच्या मापाने पंधरा माणसांची वर्षाची सोय. उघडी वाळू हे पाणी आपण होऊन मुरवते. पण अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, गाड्या लावायला काँक्रीट ओतलं, की तेच पाणी गटारातून समुद्राला मिळतं. म्हणून छपराचं पाणी वाळूत सोडणं आणि अंगण उघडं ठेवणं, हीच इथली पाणीयोजना. एका खोल बोअरऐवजी चार उथळ विहिरींतून थोडं थोडं पाणी घेतलं, तर खारं पाणी वर खेचलं जाण्याचा धोका कमी होतो. मुक्कामाच्या खाटा मोजून ग्रामपंचायतीने पाण्याचा आणि मैल्याचा हिशेब मांडला, तर शासनाकडे मागायलाही हातात आकडा राहील.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. प्रत्येक वाडीतल्या प्रत्येक विहिरीपाशी ती पोचू शकत नाही. ते काम गावालाच करावं लागेल. पाण्यातले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. न्याहारी-निवास चालवणाऱ्या माझ्या तारकर्ली-देवबागच्या बंधू-भगिनींनो, येत्या मे महिन्यात दर सोमवारी सकाळी, मोटर लावण्याआधी, विहिरीची पातळी आणि मीटरवरचा आकडा एका वहीत लिहा, आणि ती वही ग्रामसभेत घेऊन जा.