रुळांविना लोहमार्ग : लेखांक पाचवा – चढाचा आणि विजेचा जमाखर्च

गेल्या लेखांकी आपण बंद पडलेले लोहमार्ग जनतेच्या वाटा कशा झाल्या याची कायदेशीर कुळकथा पाहिली. 1968 च्या राष्ट्रीय पथ कायद्यात 1983 साली अमेरिकी काँग्रेसने दुरुस्ती करून, रेल्वेने सोडलेली जमीन तुकड्यातुकड्यांनी विखरून न जाता, पुढेमागे गाडी पुन्हा सुरू करण्याची वेळ आलीच तर ती अखंड हाती असावी या हेतूने, तोपर्यंत पादचाऱ्यांच्या व सायकलस्वारांच्या वापरासाठी राखून ठेवण्याची जी तजवीज केली, तिचे महत्त्व तेव्हा सांगितलेच आहे. आता तत्त्वाकडून तपशिलाकडे वळू. विजेच्या सायकलीने अशा एखाद्या वाटेवर चार दिवसांचा प्रवास करावयाचा झाल्यास त्याची आखणी कोणत्या क्रमाने करावी, हे सांगण्यासाठी मी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्गपासून मेरीलँडमधील कंबरलँडपर्यंत जाणारी ‘ग्रेट ॲलेगेनी पॅसेज’ ही 150 मैलांची, म्हणजे सुमारे 240 किलोमीटरांची, वाट निवडली आहे. कारण पर्वत ओलांडणारी असूनही ती सौम्य आहे, आणि तिच्यावरील गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत.

या सौम्यपणाचे श्रेय निसर्गाचे नव्हे, रेल्वेच्या अभियंत्यांचे आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर अत्यल्प घर्षणाने धावते हा रेल्वेचा सर्वांत मोठा गुण, आणि त्याच कारणाने चढावर त्या चाकाची पकड सुटते ही तिची सर्वांत मोठी अडचण. म्हणून डोंगर आडवा आला की तो बोगद्याने भेदावयाचा, दरी आली की ती पुलाने वा भरावाने ओलांडावयाची, वळणे लांबवावयाची, पण चढ मर्यादेबाहेर जाऊ द्यावयाचा नाही, हा लोहमार्गाच्या बांधणीचा शिरस्ता ठरला. आपल्या बोरघाटात 1 फूट चढण्यासाठी 37 फूट चालावे असा चढ आहे आणि तेवढ्यासाठीही कर्जतला गाडीच्या पाठीशी जादा इंजिने लावावी लागतात, हे पुणे-मुंबई प्रवास केलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. ॲलेगेनीच्या या वाटेवर जो सर्वांत तीव्र चढ आहे तो 57 फुटांस 1 फूट, म्हणजे शेकडा पावणेदोन, एवढाच आहे. मोटारीच्या घाटरस्त्यावर शेकडा सात-आठ चढ सहज आढळतो. विजेच्या सायकलीच्या प्रवासात सगळे नियोजन ज्या एका अनिश्चित गोष्टीमुळे कोलमडते ती गोष्ट म्हणजे चढ. आणि इथे तीच अनिश्चितता शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी मोजून, खणून, बांधून काढलेली आहे.

वाटेचा पूर्वेकडील भाग वेस्टर्न मेरीलँड रेल्वेने 1912 साली पुरा केला आणि 1975 मध्ये तो सोडून दिला. ओहायोपाईल गावाजवळ सायकलवाटेचा पहिला भाग 1986 साली खुला झाला, 2006 च्या अखेरीस ती कंबरलँडला पोहोचली आणि 2013 साली पिट्सबर्गमधील नदीसंगमापर्यंत अखंड जोडली गेली. तिची रचना दोन्ही दिशांनी सारखी नाही. कोळशाने भरलेल्या गाड्या पूर्वेकडे, समुद्राच्या बाजूस, जावयाच्या आणि परतताना हलक्या यावयाच्या, म्हणून पूर्वेकडे जाताना लागणारा चढ शेकडा एकाच्याही आत ठेवला, आणि पश्चिमेकडे येताना लागणारा चढ तुलनेने तीव्र असला तरी चालेल असे मानले. परिणामी 2,392 फूट उंचीवरील जलविभाजक, जिथून एका बाजूचे पाणी अटलांटिकला आणि दुसऱ्या बाजूचे मिसिसिपीमार्गे मेक्सिकोच्या आखातास जाते, तो कंबरलँडपासून फक्त 24 मैलांवर आहे, तर पिट्सबर्गपासून 126 मैलांवर. कोळशाच्या व्यापाराने ठरवलेले हे असंतुलन आजच्या सायकलस्वाराच्या आखणीतील पहिली बाब आहे.

आता जमाखर्चाकडे येऊ, कारण माझ्या मते या प्रवासात नकाशापेक्षाही आधी मांडावयाची वस्तू ती आहे. बॅटरीवर छापलेला वॅट-तासांचा आकडा म्हणजे कणगीत किती धान्य आहे याची मोजदाद होय, आणि विक्रेत्याने सांगितलेला ‘एका चार्जमध्ये इतके किलोमीटर’ हा आकडा म्हणजे ते धान्य खाणारी माणसे किती व कशी, याबद्दलचा त्याचा तर्क होय. म्हणून विश्वास ठेवावयाचा तो पहिल्या आकड्यावर. समजा 75 किलोंचा स्वार, 25 किलोंची सायकल आणि 10 किलोंचे सामान असे 110 किलोंचे ओझे कंबरलँडहून जलविभाजकापर्यंत न्यावयाचे आहे. उंची सुमारे 540 मीटर चढावयाची. एवढे ओझे तेवढे उचलण्यासच 160 वॅट-तास ऊर्जा लागते. शिवाय चुनखडीच्या दगडाचा चुरा दाबून केलेल्या पृष्ठभागाचे घर्षण आणि ताशी 18 किलोमीटर वेगाने जाताना होणारा हवेचा विरोध यांचे मिळून त्या 38 किलोमीटरांत आणखी 200 वॅट-तासांच्या आसपास खर्च होतात. या साडेतीनशेहून अधिक वॅट-तासांपैकी निम्मे स्वाराने पायांनी दिले आणि मोटरीत जो चौथा-पाचवा हिस्सा उष्णतेच्या रूपाने वाया जातो तो धरला, तर बॅटरीतून सुमारे 240 वॅट-तास जातात. म्हणजे 500 वॅट-तासांची सामान्य बॅटरी खिंडीच्या माथ्यावर निम्मी उरते. उलट ज्याने साहाय्याची पातळी कमाल ठेवून पाय नुसते फिरते ठेवले, त्याची तीच बॅटरी तिथे जेमतेम चौथा हिस्सा शिल्लक दाखवील, आणि मुक्काम अजून पुढे असेल.

हे गणित प्रत्येकाने आपल्या वजनाप्रमाणे नव्याने मांडावे, आणि त्यात वाऱ्यासाठी सढळ तरतूद ठेवावी. कारण आपल्या वेगाइतकाच वारा समोरून आला तर हवेचा विरोध चौपट होतो, आणि चढाचा नकाशा मिळतो तसा वाऱ्याचा मिळत नाही. पावसाने भिजून मऊ झालेला पृष्ठभागही चाक धरून ठेवतो. म्हणून दिवसाच्या शेवटी बॅटरीचा पाचवा हिस्सा शिल्लक राहील अशीच मजल आखावी, हा माझा आग्रह आहे. उतारावर बॅटरी पुन्हा भरते असा एक समज पुष्कळांच्या मनात असतो. विजेच्या बहुतेक सायकलींत तशी सोय नसते, आणि जिथे असते तिथेही परत मिळणारा वाटा क्षुल्लक असतो. उताराचा खरा लाभ इतकाच, की तिथे मोटर बंद ठेवता येते. आणि समजा, सारी सावधगिरी बाळगूनही बॅटरी संपली, तर या वाटेवर तो अनर्थ ठरत नाही: पावणेदोन टक्क्यांच्या चढावर एवढे ओझे ताशी 10 किलोमीटरांच्या बेताने नुसत्या पायांनी नेणे साधारण प्रकृतीच्या माणसालाही जमते. घाटरस्त्यावर तीच सायकल हाताने ढकलावी लागली असती.

मग निघावे कोठून? पिट्सबर्गहून निघून कंबरलँडला व तेथून चेसापीक-ओहायो कालव्याच्या काठाने थेट वॉशिंग्टनला जाण्याचा रिवाज लोकप्रिय आहे, आणि ज्यांना राजधानी गाठावयाची आहे त्यांनी तो मोडण्याचे कारण नाही. परंतु जे केवळ ही एक वाट करणार आहेत, विशेषतः ज्यांच्या पथकात वयस्क मंडळी आहेत, त्यांनी कंबरलँडहून आरंभ करावा असे मला वाटते. खर्चाची सर्वांत मोठी रक्कम पहिल्याच दिवशी, भरलेल्या बॅटरीने आणि ताज्या पायांनी फेडली जाते. त्यानंतरचे 126 मैल एकंदरीने उतरतेच आहेत. कंबरलँड ते रॉकवूड ही पहिली मजल 70 किलोमीटरांची, तेथून ओहायोपाईल 46, पुढे वेस्ट न्यूटन 67 आणि शेवटचा पल्ला 58 किलोमीटरांचा, अशी चार दिवसांची विभागणी सोयीची पडते. पहिला दिवस जड वाटल्यास अलीकडेच, 51 किलोमीटरांवरील मायर्सडेल येथे थांबावे. गावापासून जवळच 1,908 फूट लांबीचा सॅलिस्बरी पूल आहे, त्यावरून संध्याकाळचे खोरे पाहण्यास वेळही मिळेल. दुपारच्या जेवणासाठी मात्र फ्रॉस्टबर्गचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी: वाट गावाच्या खालून जाते आणि गावात शिरण्यासाठी नागमोडी वळणांनी वर चढावे लागते, तो चढ रेल्वेच्या हिशेबातला नव्हे. हाच इशारा ओहायोपाईलहून वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांचे ‘फॉलिंगवॉटर’ हे धबधब्यावरील घर पाहावयास जाणाऱ्यांनाही लागू आहे. ते घर पाहावेच, परंतु वाट सोडून मोटाररस्ता धरला की चढ पुन्हा डोंगराच्या मर्जीवर जातो, आणि सकाळी मांडलेला हिशेब त्या घटकेपासून रद्द समजावा.

बॅटरी भरण्याची खरी जागा रात्रीचा मुक्काम. सामान्य चार्जरने 500 वॅट-तासांची बॅटरी भरण्यास चार ते सात तास लागतात, त्यामुळे जेवणाच्या तासाभरात मिळते ती केवळ तुटपुंजी मदत. खोली ठरवितानाच, सायकल रात्री कोठे ठेवावयाची, बॅटरी काढून खोलीत नेण्यास मुभा आहे का आणि खोलीत भिंतीवर मोकळे प्लग किती, हे तीन प्रश्न पत्राने वा दूरध्वनीने विचारून घ्यावेत. चार माणसांच्या पथकास चार प्लग लागतात ही साधी गोष्ट रात्री दहा वाजता लक्षात येणे बरे नव्हे. चार्जर सामानाच्या तळाशी न ठेवता वर ठेवावा. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, आणि गोठणबिंदूखाली ती भरणे तिच्या प्रकृतीस अपायकारक असते. ऑक्टोबरच्या अखेरीस पानांचे रंग पाहण्यासाठी जाणाऱ्यांनी ती रात्री बाहेर सायकलीवर ठेवू नये.

ऋतूचा प्रश्न याहूनही कठोर आहे. मेरीलँड व पेनसिल्व्हेनिया यांची सीमा असलेली मेसन-डिक्सन रेषा ओलांडून जलविभाजकाकडे जाताना लागणारा ‘बिग सॅव्हेज’ हा 3,294 फूट लांबीचा बोगदा, आत बर्फ साचून अस्तराची हानी होऊ नये म्हणून, हिवाळ्यात साधारणतः डिसेंबरापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत दरवाजे लावून बंद ठेवतात, आणि त्याला वळसा घालणारा सोपा मार्ग नाही. मार्चच्या शेवटी कोवळे ऊन पडले म्हणून तारीख ठरविणाऱ्याने आधी त्या दरवाजांची खबर घ्यावी. कंबरलँडच्या बाजूचा ‘ब्रश’ बोगदा बारा महिने उघडा असतो, पण त्यातून पर्यटकांची आगगाडीही जाते; गाडीचा आवाज आला असता बाहेरच थांबून ती जाऊ द्यावी. या वाटेवर ताशी 15 मैलांची वेगमर्यादा आहे, आणि सायकल तिकडच्या वर्गवारीतील पहिल्या वर्गाची, म्हणजे पेडल मारले तरच साहाय्य देणारी आणि ताशी 20 मैलांपुढे ते थांबविणारी, घेतली तर कोठेही हरकत येत नाही.

भारतातून जाणाऱ्यांनी सायकल बरोबर नेण्याचा विचारच करू नये: 160 वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात सामानाबरोबर नेण्यास मनाई आहे, आणि विजेच्या प्रवासी सायकलीची बॅटरी त्याच्या दुपटी-तिपटीची असते. सायकल तिकडेच भाड्याने घ्यावी. पिट्सबर्ग आणि कंबरलँड ही दोन्ही गावे ॲमट्रॅक या तिकडच्या प्रवासी रेल्वेच्या एकाच गाडीवर आहेत आणि तीत सायकल नेता येते. मात्र सायकलीसाठी वेगळे आरक्षण लागते आणि तिचे वजन 50 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 22.7 किलोंच्या, आत असावे लागते. विजेच्या पुष्कळ सायकली या मर्यादेला जेमतेम बसतात किंवा बसतच नाहीत. तेव्हा भाड्याची सायकल पसंत करताना रंगरूपाआधी वजन विचारावे.

हे सारे मी इतक्या बारकाईने लिहितो आहे ते विशेषेकरून न्यू जर्सी, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया या भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आणि उन्हाळ्यात त्यांच्याकडे येऊन राहणारे त्यांचे आईवडील डोळ्यांपुढे ठेवून. पासष्टीच्या वडिलांनी, चाळिशीतल्या मुलीने आणि सोळा-सतरा वर्षांच्या नातवाने एका वेगाने दिवसभर एकत्र जावे, ही गोष्ट साध्या सायकलीने क्वचितच साधते; मोटरीचे प्रयोजन वेग वाढविणे नसून माणसांच्या शक्तींतील अंतर भरून काढणे हे आहे, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच पथकाची मजल सर्वांत सशक्त स्वारावरून न ठरविता, ज्याचे वजन अधिक व पाय दुबळे त्याच्या बॅटरीवरून ठरवावी. जमल्यास सर्वांनी एकाच बनावटीच्या सायकली भाड्याने घ्याव्यात, म्हणजे नातवाची कमी खर्चलेली बॅटरी दुपारनंतर आजोबांच्या सायकलीस बसविता येते.

कंबरलँडच्या पलीकडे वॉशिंग्टनपर्यंत 184.5 मैल जाणारी चेसापीक-ओहायो कालव्याची वाट लोहमार्गाची नसून, नावा ओढणाऱ्या खेचरांची आहे. 1850 साली कंबरलँडला पोहोचलेला आणि 1924 साली बंद पडलेला हा कालवा 74 जलपाशांनी पायरीपायरीने खाली उतरतो, त्यामुळे तिथे चढाचा प्रश्न जवळपास नाहीसा होऊन चिखलाचा प्रश्न पुढे येतो. पावसानंतर त्या मातीत चाकाचा विरोध किती वाढतो आणि त्यामुळे मजला कशा आखडत्या घ्याव्या लागतात, हा विषय पुढील लेखांकी.