पिशवीतला ‘निमो’ टाकीत सोडताना : घाई नको, पण उगाच उशीरही नको

मुंबईहून मागवलेला ‘निमो’, म्हणजे क्लाउनफिश, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने थर्माकोलच्या पेटीतून सकाळी बेळगावात उतरतो. घरी मुलं टाकीभोवती जमलेली असतात. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगवली जाते, मासा सोडला जातो आणि तो पोहूही लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र तळाशी कुशीवर पडलेला सापडतो. ‘दुकानदाराने आजारी मासा गळ्यात मारला’ असं म्हणून विषय संपतो. तसं कधी कधी असतंही. पण बऱ्याचदा मासा ठणठणीत असतो आणि चूक पेटी उघडल्यानंतरच्या तासाभरात घडलेली असते.

गोल्डफिश पाळलेल्यांची इथे हमखास फसगत होते. गोड्या पाण्यात तापमान जुळवलं की निम्मं काम झालं. खाऱ्या पाण्यात खरा प्रश्न खारेपणाचा आहे. समुद्रातला मासा एका अर्थाने कायम तहानलेला असतो. बाहेरचं पाणी त्याच्या शरीरापेक्षा खारट, त्यामुळे अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. ते भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. या यंत्रणेला नव्या खारेपणाशी जुळवून घ्यायला तास नव्हे, दिवस लागतात.

समुद्राच्या पाण्याची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी साधारण 1.025 ते 1.026 असते, म्हणजे लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार. पण काही दुकानदार मिठाचा खर्च वाचवायला आणि परजीवी आटोक्यात ठेवायला पाणी 1.019 च्या आसपास ठेवतात. त्यातला मासा एकदम 1.025 च्या टाकीत पडला की आतून सुकू लागतो. हे लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी दिसतं. उलट, जास्त खाऱ्या पाण्यातून थोड्या कमी खाऱ्या पाण्यात जाणं माशाला बरंच सोपं जातं.

यावरचा प्रचलित उपाय म्हणजे ड्रिप, थेंबथेंब पद्धत. मासा पिशवीतल्या पाण्यासकट स्वच्छ बादलीत ठेवायचा, एअर पंपाच्या नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या बेताने बादलीत सोडायचं, पाऊण तासाने मासा जाळीने किंवा छोट्या डब्याने उचलून टाकीत. पिशवीतलं पाणी टाकीत अजिबात ओतायचं नाही. दुकान गावातच असेल आणि मासा तासा-दोन तासांत घरी आला असेल, तर ही पद्धत चांगली आहे. डिसेंबरच्या थंडीत मात्र फरशीवर ठेवलेली बादली बघता बघता गार होते, हे बेळगावकरांनी विसरू नये.

पण सीमाभागात, इंदूरला किंवा हैदराबादेत मासा दहा-बारा तासांचा, कधी त्याहून जास्त प्रवास करून येतो. तिथे हीच पद्धत घात करू शकते.

बंद पिशवीत मासा दोन गोष्टी सोडत असतो : कल्ल्यांतून अमोनिया आणि श्वासातून कार्बन डायऑक्साइड. कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच 8.2 वरून उतरत 7 च्या आसपास, कधी त्याखालीही जातो. पीएच उतरलेला असताना बहुतेक अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो आणि तो तुलनेने निरुपद्रवी. म्हणजे घाणेरड्या पाण्यातही मासा तग धरतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो आणि पीएच झपाट्याने चढतो. पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळजवळ दहापट होतं. मालक प्रेमाने, सावकाश थेंब सोडत बसतो आणि त्या बादलीत माशाचे कल्ले भाजून निघत असतात.

म्हणून लांबून आलेल्या माशासाठी टाकी माशाशी जुळवायची, मासा टाकीशी नाही. ऑर्डर देतानाच विक्रेत्याला फोन करून त्याच्या पाण्याचा खारेपणा विचारून घ्यावा. वेगळी छोटी क्वारंटाइन टाकी आदल्या दिवशीच तेवढ्या खारेपणाची करून ठेवावी. पेटी आली की खोलीतला दिवा मंद ठेवून बंद पिशवी 15-20 मिनिटं तरंगवावी, म्हणजे तापमान जुळतं. मग पिशवी उघडून थेंबभर पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर तपासावं. टाकी थोडी जास्त खारी निघाली तर आरओचं पाणी घालून लगेच खाली आणता येते. दोन्ही आकडे जवळ आले की मासा लगेच टाकीत. पुढे रोज 0.001 ने खारेपणा वाढवत न्यावा, आठवडाभरात तो मुख्य टाकीइतका होतो. तरंगत्या काट्याचा स्वस्त हायड्रोमीटर इथे भरवशाचा नाही. काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो.

कोळंबी आणि स्टारफिशसारख्या जीवांचा हिशेब वेगळा. त्यांना अंगातला खारेपणा बाहेरच्यापेक्षा फारसा वेगळा राखता येत नाही. ते अमोनियाही कमी सोडतात, त्यामुळे त्यांच्यासाठी दीड-दोन तासांची ड्रिपच योग्य.

क्वारंटाइन टाकी हा चोचला वाटतो, तो नाही. मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा मरीन इच हा परजीवी एकदा मुख्य टाकीत शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. त्यावरचं तांब्याचं औषध कोळंबी-प्रवाळांना मारतं, म्हणून ते मुख्य टाकीत घालताच येत नाही. त्यापेक्षा चार आठवडे वेगळं ठेवणं परवडतं. फिल्टरचा स्पंज मात्र आधी काही आठवडे मुख्य टाकीत मुरवून घ्यावा; अमोनिया पचवणारे जीवाणू त्यातच वाढतात.

गोव्यात अनेकांना वाटतं, समुद्र दारातच आहे, मीठ विकत कशाला घ्यायचं? पण मिरामारला भरलेला कॅन म्हणजे खुला समुद्र नव्हे. पावसाळ्यात मांडवी-झुआरीच्या मुखाशी गोडं पाणी इतकं मिसळतं की खारेपणा पार कोसळतो. आरओ पाण्यात तयार सॉल्ट मिक्स घालणं अधिक खात्रीचं. वडोदरा-हैदराबादच्या उन्हाळ्यात उलटी अडचण. टाकीवर पंखा लावला की पाणी उडतं, मीठ मागे उरतं आणि खारेपणा चढतो. ही तूट साध्या आरओ पाण्याने भरायची, खाऱ्या पाण्याने नाही.

खरेदीबाबत एक सावधगिरी. प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कोणी गुपचूप देऊ केले तरी घेऊ नयेत. क्लाउनफिशची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने यशस्वी केली आहे, त्यामुळे हॅचरीत वाढलेला मासा मागून पाहावा. टाकीत जगण्याची त्याला जन्मापासून सवय असते.

पहिल्या दिवशी माशाने खाल्लं नाही तर घाबरायचं कारण नाही. प्रवासाआधी त्याला मुद्दाम उपाशी ठेवलेलं असतं आणि तो भेदरलेलाही असतो. दुसऱ्या दिवशी चिमूटभर खाणं देऊन बघावं, उरलेलं लगेच काढून टाकावं. मुख्य टाकीत हलवताना जुना डॅमसेल अंगावर धावून जाणार हे गृहीत धरावं आणि नवख्याला दोन-तीन दिवस भोकांच्या पारदर्शक डब्यात ठेवून मगच मोकळं सोडावं.