दार बंद होण्याआधी

दोस्तांनो, रमझानच्या दिवसांत संध्याकाळी मीरा रोडच्या नया नगरात कधी गेला आहात का? रोजा सुटायची वेळ झाली की एवढा गजबजलेला रस्ता, पण क्षणभर कसा थबकतो! खजूर, फळं, सरबत, गरम भजी... सगळं समोर मांडलेलं, आणि सगळ्यांचे कान अजानकडे. तिथे राहणाऱ्या तुमच्या वर्गमित्राला विचारा, "रमझान कोणाचा?" तो म्हणेल, "हे काय विचारणं झालं? आमचा!"

पण गंमत ऐका. आपल्या कोकणात आणखी एका समाजाचा रमझान होता. तो समाज म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, अर्थात बेने इस्राएल.

फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी एक गलबत फुटलं आणि सात जोडपी तेवढी वाचली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. त्यांचे वंशज कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या गावांत राहिले. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. दिवे गावचे ते दिवेकर, राजपूरचे ते राजपूरकर. घरात मराठी, अंगावर लुगडं, पानात वालाचं बिरडं. मग सणांची नावं तरी परकी कशी असतील?

एलूल हा ज्यूंच्या नव्या वर्षाआधीचा महिना. या महिन्यातल्या उपवासांना बेने इस्राएल 'रमझान' म्हणत. शेजाऱ्यांकडून शब्द घेतला, झालं! मात्र एक फरक आहे हं. मुसलमानांचं वर्ष चंद्राच्या बारा महिन्यांचं असतं, म्हणून त्यांचा रमझान ऋतू बदलत फिरतो. 1998 साली तो जानेवारीत होता, 2018 साली मे-जूनमध्ये. ज्यू मात्र आपल्यासारखाच अधिक महिना धरतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. त्यामुळे एलूल दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारासच येतो. इकडे गणपतीची तयारी आणि तिकडे पहाटेच्या अंधारात उठून क्षमेच्या प्रार्थना!

या महिन्यात शोफार वाजवतात. शोफार म्हणजे मेंढ्याचं पोकळ शिंग. त्याचा एक सूर लांब आणि सरळ, दुसरा तीन उसाशांसारखा, तिसरा हुंदक्यांसारखा तुटक. झोपलेल्या मनाला हलवून उठवायचं, हा त्याचा उद्देश.

मग येतो 'नव्याचा सण', म्हणजे वर्षाचा पहिला दिवस. मग 'खिरीचा सण'. नव्या धान्याची, नारळाच्या दुधातली खीर! आणि दहाव्या दिवशी सगळ्यांत मोठा, 'दारफाळणीचा सण'. दारफाळणी म्हणजे दार लावून घेणं. जुन्या काळी बेने इस्राएल आदल्या संध्याकाळी पांढरे कपडे घालून घरात शिरत आणि दार लावून घेत ते थेट दुसऱ्या रात्री उघडत. अन्न नाही, पाणी नाही. जगभरचे ज्यू हाच दिवस 'योम किप्पूर' म्हणून पाळतात. त्या दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेचं नाव 'नईला', आणि त्याचाही अर्थ 'बंद होणं'! स्वर्गाची दारं आता मिटणार, त्याआधी एकदा मनापासून मागून घ्या, असं ती प्रार्थना सांगते.

आता खरी अवघड गोष्ट सांगतो. पंचवीस तास उपाशी राहिलं की सगळ्या चुका माफ झाल्या का? नाही! ज्यू धर्म म्हणतो, देवाशी केलेली चूक देव माफ करील. पण माणसाशी केलेली चूक त्या माणसानंच माफ करायला हवी. आधी त्याच्याकडे जायचं. बाराव्या शतकातले मोठे ज्यू पंडित मैमोनिडीस तर लिहून गेले, की त्यानं ऐकलं नाही तर तीन मित्रांना घेऊन पुन्हा जा. तीन वेळा प्रयत्न करा. आणि खरा पश्चात्ताप कोणता? तीच चूक करायची संधी पुन्हा समोर आली आणि आपण ती केली नाही, तो!

बघा हं, उपास करणं त्या मानानं सोपं. "मीच तुझी वही फाडली होती," हे मित्राच्या तोंडावर सांगणं केवढं कठीण!

या समाजाला तर एकेक माणूस मोलाचा आहे. भारत स्वतंत्र झाला तेव्हा देशात वीस हजारांहून अधिक ज्यू होते. 1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. आज जेमतेम पाचेक हजार उरले आहेत. सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, असा जुना नियम. तेरा वर्षं पूर्ण झालेला मुलगाही त्या दहांत धरतात बरं का! कोकणातल्या गावांतल्या सिनेगॉगमध्ये हे दहा जमवणंच कठीण झालं आहे. विचार करा, नऊ जण जमले आणि दहावा कुणाशी तरी रुसून घरी बसला, तर?

मुंबईत मशीद बंदरला 1796 साली सॅम्युएल दिवेकर यांनी पहिलं सिनेगॉग उभारलं. त्याचं नाव 'शआर हारहमीम', म्हणजे दयेचं दार. ठाण्याचं सिनेगॉग 1879 चं. 'शआर हाशामाईम', स्वर्गाचं दार. घोडबंदर रस्त्यानं मीरा रोडहून ठाणं काही लांब नाही. कधी गेलात तर बाहेरून तरी जरूर पाहा.

दारफाळणीचा दिवस संपतो तो शोफारच्या लांबच लांब सुरानं. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशी गरिबांना दान द्यायचं आणि एकमेकांच्या घरी जायचं. काल बंद असलेली सगळी दारं उघडी!

आई-बाबांनो, हे घरात वाचून दाखवा, आणि वाचता वाचता आपल्याही मनात कोणाचं नाव येतं का ते पाहा. आणि दोस्तांनो, ज्याच्याशी तुम्ही बोलणं टाकलं आहे, तो बहुधा दोन बाक सोडूनच बसत असेल. मग, तुमचा शिळा सण कधी?