शेतातील मुंग्या : वैरी कोण आणि सोबती कोण

मृगाचा पहिला पाऊस पडला, की तापी, गिरणा व पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीतून पंख फुटलेल्या किड्यांचे थवे बाहेर पडतात आणि घरोघरी दिव्याभोवती त्यांची गर्दी होते. शेतकरी त्या सर्वांना मुंग्याच समजतो. वस्तुतः त्यांत मुंग्याही असतात आणि वाळवीही असते. वाळवीला कित्येक जण 'पांढरी मुंगी' म्हणत असले, तरी ती मुंगी नव्हे. मुंगीची कंबर बारीक असून मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवीची कंबर जाड आणि मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ असतात. मुंगीचे पुढील पंख मागील पंखांपेक्षा मोठे, तर वाळवीचे चारही पंख सारखे असतात. पिकाची मुळे पोखरणाऱ्या वाळवीचा बंदोबस्त अवश्य करावा. परंतु तोच न्याय सरसकट मुंगीला लावणे हिताचे नाही.

जगात मुंग्यांच्या 14,000 हून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांपैकी 800 हून अधिक जाती भारतात आढळतात. दक्षिण अमेरिकेतील काही मुंग्या पाने कातरून बिळात नेतात व त्यांवर बुरशीची शेती करतात. दक्षिण चीनमधील बागाईतदार संत्रावर्गीय झाडांवर मुंग्यांची घरटी मुद्दाम आणून ठेवीत, असा उल्लेख इसवी सन 304 च्या सुमाराच्या एका चिनी ग्रंथात आहे. किडीकडून कीड मारविण्याचा हा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग होय. पाने शिवून घरटे करणारी ती तांबडी मुंगी आपल्याकडे आंब्याच्या झाडांवरही राहते. ज्या कुळात इतकी विविधता आहे, त्याला एकच माप लावणे योग्य होणार नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचे तीन गट पाडता येतील.

पहिला गट बी वेचणाऱ्या मुंग्यांचा. त्यांच्या बिळाच्या तोंडाशी कोंडा व फोलपटे यांचे कडे पडलेले असते. हीच त्यांची खूण. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्यास अशा मुंग्यांचे निरीक्षण केले. पावसात भिजलेले गवताचे बी त्या बिळाबाहेर आणून उन्हात वाळवितात, हे त्याने पाहिले आणि 1835 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्या जातीला 'दूरदर्शी' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. या मुंग्या तणांचेही बी वेचतात. तथापि तीळ किंवा बाजरीचे बी उघडे राहिल्यास तेही त्या सोडीत नाहीत. यास्तव बी योग्य खोलीवर पेरून मातीने नीट झाकावे, खळे अशा बिळांपासून दूर करावे आणि मळलेले धान्य खळ्यावर पडून राहू देऊ नये. पूर्वी बिळावर बी.एच.सी. भुकटी टाकण्याची रूढी होती. 1997 पासून त्या भुकटीच्या वापरावर देशात बंदी आहे.

दुसरा गट गुराखी मुंग्यांचा. मावा व पिठ्या ढेकूण पिकाचा रस शोषून गोड चिकटा बाहेर टाकतात. तो चिकटा खाण्यासाठी मोठे काळे मुंगळे व काही लहान मुंग्या या किडींना गुरांप्रमाणे राखतात आणि त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकून लावतात. केळीवरील माव्याभोवतीही मुंग्या अशाच जमतात. सन 2007 च्या सुमारास महाराष्ट्रासह अनेक राज्यांत कपाशीवर ज्या पिठ्या ढेकणाचा मोठा उपद्रव झाला, त्याच्या शास्त्रीय नावातच एका मुंगीचे नाव आहे. 1898 साली अमेरिकेत त्याचे प्रथम वर्णन झाले, तेव्हा तो त्या मुंगीच्या वसाहतीत सापडला होता. येथे मूळ शत्रू मावा व ढेकूण हेच होत. ग्रासलेले शेंडे काढून नष्ट करावेत, बांधावरील गाजर गवत उपटावे आणि आरंभीच 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. चिकटा संपला, की मुंग्यांची रांगही आपोआप मोडते.

तिसरा गट शिकारी मुंग्यांचा. या मुंग्या किडींची अंडी व लहान अळ्या पळवितात, तसेच कोषात जाण्यासाठी मातीत उतरलेल्या अळ्यांवर तुटून पडतात. कपाशीच्या पानाच्या मागील बाजूस मधल्या शिरेवर एक बारीक ग्रंथी असते व तिच्यातून गोड रस पाझरतो. त्या रसासाठी निरोगी झाडावरही मुंग्या फिरतात. झाडावर मुंगी दिसली म्हणजे कीड लागलीच, असे समजण्याचे कारण नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यास बरोबर घेऊन शेताच्या निरनिराळ्या भागांतील झाडे पाहावीत. पान उलटावे. हाताला चिकटा लागतो काय, पानावर काळी बुरशी चढली आहे काय, शेंड्यावर मावा किंवा पांढरा कापसासारखा थर आहे काय, हे तपासावे. यांपैकी काही आढळल्यास वरील उपाय करावेत. काहीच न आढळल्यास आणि मुंग्या एकेकट्या फिरत असल्यास पंप खांद्यावर घेण्याची घाई करू नये.

विनाकारण केलेल्या फवारणीत पैसा जातो, मित्रकीटक मरतात आणि फवारणाऱ्याचा जीवही धोक्यात येतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, ही गोष्ट खानदेशातील कापूस उत्पादकांनीही विसरू नये. मुंगी पाहताच औषधाची बाटली उघडण्याऐवजी आधी पान उलटून पाहण्याची सवय लागली, तर अशा कित्येक फवारण्या टळतील.