‘मॅडम, मिस्टर कुठायत?’

पटकन सांगा, ‘पंचायत’ मधल्या फुलेरा गावाचा प्रधान कोण? डोळ्यांसमोर रघुवीर यादवच आले ना! खरं तर निवडून आल्या होत्या मंजूदेवी. पण पहिल्या सीझनभर कारभार बघतात त्यांचे पतिदेव आणि नीना गुप्ता बहुतेक वेळ घरात. मालिका या प्रकाराला चिमटा काढते, हे मान्य. पण ‘प्रधानजी’ म्हटल्यावर चेहरा आठवला तो नवऱ्याचाच.

७३व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या ५० टक्क्यांवर नेल्या. तरी आपल्या सिनेमातला सरपंच अजून फेटा आणि मिशीवालाच.

यात बिघडलं काय? पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी एक भन्नाट प्रयोग केला. गावकऱ्यांना प्रधानाचं भाषण ऐकवलं. शब्द तेच, फक्त काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे प्रधानपद महिलांसाठी कधीच राखीव नव्हतं, तिथल्या पुरुषांनी बाईच्या भाषणाला कमी मार्क दिले. जिथे बाईने कारभार केला होता, तिथे हा फरक उरला नाही. थोडक्यात, नेता कसा ‘वाटतो’ हे कानाडोळ्यांच्या सवयीवर ठरतं.

आता तुमचंच बघा. बाईने गाव किंवा शहर चालवताना तुम्ही जवळून किती वेळा पाहिलंय? मग सवय लावणार स्क्रीन आणि पेपर. तिथे काय मिळतं? एकतर ‘रणरागिणी’, नाहीतर कुणाची लेक, कुणाची सून. नवरात्रात तर विचारूच नका! मुलाखतीत पाण्याचा टँकर, रस्ता, बजेट राहतं बाजूला आणि प्रश्न येतो, ‘घर कसं सांभाळता?’ १९६० पासून महाराष्ट्राला महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. ‘सिटी ऑफ ड्रीम्स’ने ती पडद्यावर दाखवली, प्रिया बापटची पूर्णिमा गायकवाड. तीही वडिलांच्या वारशातूनच आलेली. कल्पनेतसुद्धा घराणं लागतंच!

राजकारण लांबचं वाटत असेल तर तुमच्या फेस्टची कमिटी काढा. रांगोळी, हॉस्पिटॅलिटी, अँकरिंग कुणाकडे? स्पॉन्सर आणि पैसे कुणाकडे? पुढच्या मीटिंगला एखादी मुलगी आवाज चढवून बोलली की मागून ‘मॅडम तापल्या’ कोण म्हणतं आणि मुलगा तसाच बोलला की ‘भाई, लीडर आहे’ कोण म्हणतं, तेही जरा कान देऊन ऐका.