विश्लेषण : धावपट्टी समोर असताना ‘मेटिऑर’ विमाने का कोसळत होती?

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश हवाई दलाच्या वैमानिकांनी जेट विमान चालवण्याचे धडे गिरवले ते प्रामुख्याने ‘ग्लॉस्टर मेटिऑर टी ७’ या प्रशिक्षण विमानावर. मात्र उतरण्याच्या तयारीत असलेले हे विमान कधी कधी अचानक नाक खाली करून जमिनीवर आदळत असे. या प्रकाराला ‘फँटम डाइव्ह’, म्हणजे भुताटकीची बुडी, असे नाव पडले. तिचे कारण मात्र दोन साध्या क्रियांच्या क्रमात होते.

हे विमान कोणते?

मेटिऑर हे ब्रिटनचे पहिले लढाऊ जेट. जुलै १९४४ मध्ये ते हवाई दलात दाखल झाले. त्याची दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती, टी ७, मार्च १९४८ मध्ये प्रथम उडाली आणि अशी ६०० हून अधिक विमाने तयार झाली. पुढे विद्यार्थी, मागे प्रशिक्षक आणि दोघांवर एकच लांबलचक काचेचे छत अशी तिची रचना होती. हवाई दलाच्या टी ७ मध्ये इजेक्शन सीट नव्हती.

एअरब्रेकची गरज कशासाठी?

पंख्याच्या विमानात इंजिनाची शक्ती कमी केली की पंखाच हवेला अडवतो आणि वेग उतरतो. जेटमध्ये तसे होत नाही. त्यामुळे मेटिऑरच्या पंखांवर, इंजिन आणि धड यांच्यामध्ये, वर-खाली उघडणाऱ्या पट्ट्या बसवल्या होत्या. हेच एअरब्रेक. धावपट्टीवरून वेगाने जायचे, वळायचे, एअरब्रेक उघडून वेग कमी करायचा, ते मिटायचे आणि मग चाके खाली सोडायची, अशी पद्धत होती.

मग बुडी कशी बसे?

एअरब्रेक मिटायचे राहून गेले आणि चाके सोडली, की धोका सुरू होई. दोन्ही बाजूंची चाके नेहमी एकाच क्षणी खाली येत नसत. एक चाक आधी बाहेर आले की त्या बाजूला हवेचा अडथळा वाढे आणि नाक तिकडे वळे. तिरक्या झालेल्या विमानात एअरब्रेकमागची विस्कटलेली हवा शेपटीवर आदळे. शेपटीवरील सुकाणू निष्प्रभ होई, नाक खाली जाई आणि विमान कलंडे. टी ७ च्या मोठ्या छतामुळे शेपटीकडचा प्रवाह आणखी बिघडत असे. उंची भरपूर असती तर विमान सावरता आले असते. पण उतरताना ती जेमतेम काहीशे फूट असते आणि बाहेर पडायला इजेक्शन सीटही नव्हती.

अपघात किती झाले?

ब्रिटिश हवाई दलाने सुमारे ८९० मेटिऑर गमावली आणि त्यांत सुमारे ४५० वैमानिकांचा बळी गेला. एकट्या १९५३ मध्ये १४५ विमाने नष्ट झाली. हे सगळे अपघात फँटम डाइव्हचे नव्हते. खराब हवामान, संपत आलेले इंधन, एका इंजिनावर उतरण्याचा सराव अशी कारणेही होती. इंजिने पंखांवर एकमेकांपासून दूर असल्याने एक बंद पडले की विमान जोरात एका बाजूला ओढले जाई. त्यातच कोरियन युद्धाच्या काळात हवाई दलाचा झपाट्याने विस्तार सुरू होता आणि नवख्या वैमानिकांची संख्या वाढत होती.

उपाय काय होता?

‘आधी एअरब्रेक आत, मगच चाके खाली.’ उतरण्यापूर्वीच्या तपासणीत एअरब्रेकला पहिले स्थान मिळाले.

तरीही १९८८ मध्ये काय घडले?

३० मे १९८८ रोजी इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथील हवाई प्रदर्शनात हवाई दलाने जपलेले एक टी ७ कसरती करताना कोसळले आणि वैमानिकाचा मृत्यू झाला. एअरब्रेक उघडे असतानाच चाके खाली सोडली गेली होती. धोका अनेक वर्षांपासून माहीत होता आणि नियमही होता. पण विमानाची रचना तीच होती. चुकीच्या क्रमाने चाके सोडण्यापासून वैमानिकाला रोखणारी यंत्रणा त्यात नव्हती. सारी भिस्त माणसाच्या स्मरणावर होती आणि जुनी विमाने आजही उडवणाऱ्यांसाठी हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे.